घटस्फोटानंतर संयुक्त कर्ज कोणी फेडायचे? नाशिककरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लॅटचे कर्ज दोघांच्या नावावर, गाडीचे एकाच्या, पतसंस्थेच्या कर्जाला सासरे जामीन आणि सोने तिसरीकडेच गहाण. घटस्फोटाच्या बहुतेक अर्जांमागे असा गुंता असतो. मुलांचा ताबा, पोटगी, घर यांवर महिनोन्महिने बोलणी होतात. कर्जाचा विषय मात्र घटस्फोटाच्या अटींच्या संमतीपत्रात एका ओळीत उरकला जातो: "कर्जाचे हप्ते पती भरतील." ही ओळ नंतर सर्वांत जास्त त्रास देते. ती कशी टाळायची आणि आधीच लिहून झाली असेल तर आता काय करायचे, हे पुढच्या उत्तरांत दिले आहे.

हुकूमनाम्यात (कोर्टाच्या घटस्फोटाच्या आदेशात) "कर्ज पती फेडेल" असे लिहिले आहे. आता माझी जबाबदारी संपली का?

नाही. तुमच्या घटस्फोटाच्या अर्जात बँक पक्षकार नव्हती, त्यामुळे तो हुकूमनामा तिला बांधत नाही. बँकेचा करार कर्जाच्या कागदावर सह्या करणाऱ्यांशी झालेला असतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४३ प्रमाणे एकत्र वचन देणाऱ्यांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागता येते. "माझा अर्धाच वाटा" हे उत्तर बँकेपुढे चालत नाही.

म्हणून ती ओळ निरर्थक ठरते असे नाही. त्याने हप्ते थकवले आणि तुम्हाला भरावे लागले, तर भरलेली रक्कम त्याच्याकडून मागण्याचा तुमचा हक्क त्या ओळीने पक्का होतो. तुमच्या दोघांतला हिशेब आणि बँकेशी असलेला हिशेब ही दोन वेगळी खाती आहेत. हा फरक लक्षात राहिला की पुढची बहुतेक उत्तरे आपोआप उलगडतात.

लग्नात घेतलेले कर्ज कायद्याने दोघांचे अर्धे-अर्धे होत नाही का?

महाराष्ट्रात नाही. नवरा-बायकोची मालमत्ता आणि देणी आपोआप सामाईक होण्याची पद्धत गोव्यात आहे, पोर्तुगीज काळातील नागरी कायद्यामुळे. आपल्याकडे ज्याची सही त्याचे कर्ज आणि ज्याच्या नावावर दस्त त्याची मालमत्ता. नवऱ्याने एकट्याच्या सहीने वैयक्तिक कर्ज काढले आणि ते घरखर्चात गेले, तरी बँक बायकोकडे वसुलीला येऊ शकत नाही. बायकोच्या एकटीच्या कर्जाबाबतही हेच. मित्र-नातेवाईकांकडून घेतलेल्या हातउसन्या रकमेलाही हाच नियम लागू होतो. "तुमच्या लग्नातच खर्च झाला ना" एवढ्यावर दुसऱ्यावर देणे बसत नाही.

धर्माने यात फरक पडत नाही, कारण कर्जाला करार कायदा लागतो. एक गोष्ट मात्र वेगळी. मुस्लिम विवाहात न दिलेला मेहर, म्हणजे निकाहात पतीने पत्नीला देण्याची ठरलेली रक्कम, हे स्वतःच पतीवरचे कायदेशीर देणे आहे. मालेगाव किंवा जुन्या नाशकातील कुटुंबांनी हिशेब मांडताना ती रक्कम देण्यांच्या यादीत धरावी, पोटगीत मिसळू नये.

सहकर्जदार, जामीनदार, सहमालक: यात मी नेमकी कोण, हे कसे कळणार?

आठवणीवर विसंबू नका, कागद काढा. बँकेतून कर्जमंजुरीपत्र, कर्जकरार आणि कर्जखाते उतारा लेखी अर्ज देऊन मागवा. सहकर्जदाराला या प्रती मागण्याचा हक्क आहे, दुसऱ्याची संमती लागत नाही. मालकीसाठी खरेदीखताची सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून मिळते.

सहकर्जदार म्हणजे पहिल्या दिवसापासून पूर्ण कर्जाचा देणेकरी. जामीनदाराची जबाबदारीही करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे मूळ कर्जदाराइतकीच असते. "आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या" असे जामीनदाराला म्हणता येत नाही. सहमालक हा मालमत्तेचा हिस्सेदार.

सर्वांत धोक्याची जागा म्हणजे सहकर्जदार आहे पण सहमालक नाही. पगार जोडून जास्त कर्ज बसावे म्हणून बायकोची सही घेतली जाते आणि खरेदीखत एकट्या नवऱ्याच्या नावावर होते. अशा वेळी कर्ज पूर्ण तिच्याही डोक्यावर आणि दस्तावर तिचे नाव नाही. ही स्थिती असेल तर वाटाघाटीतली पहिली मागणी पोटगीची नसावी, कर्जातून नाव काढण्याची असावी. पोटगीची रक्कम नंतरही ठरवता येते. थकलेल्या कर्जाचा डाग मात्र दर महिन्याला वाढत जातो.

गृहकर्जातून एकाचे नाव काढता येते का? पायऱ्या कोणत्या?

येते, पण बँकेवर तशी सक्ती नाही. बँकेच्या दृष्टीने दोन पगारांवर दिलेले कर्ज आता एकाच पगारावर टिकेल का, एवढाच प्रश्न असतो. हिशेब करून पाहू.

समजा पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटची आजची किंमत ४५ लाख आहे आणि कर्ज २८ लाख शिल्लक आहे. व्याजदर ९ टक्के, मुदत २० वर्षे धरली तर हप्ता सुमारे २५,२०० रुपये येतो. घर ठेवू पाहणाऱ्याचा हातात येणारा पगार ४५,००० आहे आणि बँक सर्व हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यापर्यंतच मान्य करते असे धरले, तर हप्त्याची मर्यादा २२,५०० होते. या हप्त्यात सुमारे २५ लाखांचेच कर्ज बसते. म्हणजे ३ लाख रोख भरून कर्ज कमी केल्याशिवाय दुसरे नाव निघणार नाही. शिवाय किमतीतून कर्ज वजा जाता उरलेल्या १७ लाखांपैकी दुसऱ्याचा निम्मा हिस्सा ८.५ लाख. घर ठेवण्याची खरी किंमत अशी साडेअकरा लाखांवर जाते. हे गणित बोलणीच्या पहिल्या बैठकीत मांडा. "घर मला हवे" असे ठरवून बसल्यावर सहा महिन्यांनी बँकेने नकार दिला की सगळी तडजोड पुन्हा उकलावी लागते.

गणित बसत असेल तर क्रम असा ठेवा. दोघांच्या सहीने शाखेत अर्ज द्या. सोबत घर ठेवणाऱ्याच्या पगारपावत्या, विवरणपत्रे आणि तडजोडीचा मसुदा. बँक नव्याने पात्रता तपासते. पगार कमी पडत असेल तर भाऊ किंवा आई-वडिलांना नवे सहकर्जदार म्हणून घेता येते का, हे याच वेळी विचारा. मंजुरी मिळाली की बँकेचा ना-हरकत दाखला घ्या, कारण घर गहाण असताना त्याशिवाय हिस्सा सोडणे कर्जकराराचा भंग ठरते. मग दुय्यम निबंधकाकडे हस्तांतरणाचा दस्त नोंदवा. त्यानंतर बँक सुधारित कर्जकरार करते. शेवटी बाहेर पडणाऱ्याने बँकेच्या लेटरहेडवर "अमुक तारखेपासून आपण या कर्जखात्याच्या जबाबदारीतून मुक्त आहात" असे पत्र घ्यावे. शाखाधिकाऱ्याचे तोंडी आश्वासन किंवा व्हॉट्सॲप संदेश पुरत नाही. अधिकारी बदलून जातात.

बँकेने नकार दिला तर दुसरी बँक शोधा. घर ठेवणाऱ्याने एकट्याच्या नावावर नवे कर्ज घेऊन जुने फेडायचे. वैयक्तिक कर्जदाराने बिगर-व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या तरत्या (वेळोवेळी बदलणाऱ्या) व्याजदराच्या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही, सहकर्जदार असला तरीही. हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्थिर दराच्या कर्जाला तो लागू नाही, करार वाचा.

तेही जमत नसेल तर घर विका. ऐकायला कठोर वाटते, पण दोघांचे संबंध ताणलेले असताना पंधरा वर्षे एका कर्जात अडकून राहण्यापेक्षा विक्रीतून कर्ज फेडून उरलेली रक्कम वाटून घेणे बहुतेकांना स्वस्त पडते.

हिस्सा सोडण्याचा दस्त घटस्फोटाआधी करावा की नंतर?

शक्य असेल तर आधी. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती-पत्नीने एकमेकांना बक्षीसपत्राने दिली तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागते. हुकूमनामा झाला की तुम्ही पती-पत्नी राहत नाही आणि ही सवलत जाते. मग हक्कसोड पत्रावर सोडलेल्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखतासारखे शुल्क बसू शकते, आणि ते लाखात जाते.

यात एक अट पाळा. बक्षीसपत्र म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेले. हिश्श्याच्या बदल्यात ८.५ लाख घेत असाल आणि दस्तावर "बक्षीस" लिहीत असाल, तर तो दस्त पुढे वादात सापडेल. पैशांची देवाणघेवाण आहे तिथे ती दस्तात तशीच लिहा. दस्ताचा मसुदा, नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार आधी दुय्यम निबंधक कार्यालयात दाखवून घ्या.

नोटरी केलेल्या कागदाने स्थावर मालमत्तेतला हिस्सा सुटत नाही. दस्त नोंदणीकृतच लागतो. सिडकोच्या योजनेतले घर भाडेपट्ट्यावर असेल तर सिडकोची परवानगीही लागते. दस्त झाल्यावर सोसायटीचे भागपत्र, महापालिकेची घरपट्टी आणि वीजजोडणी यांवरचे नाव बदलायला विसरू नका.

खटला चालू आहे. तोपर्यंत हप्ता कोणी भरायचा?

बँकेच्या नजरेत दोघांनी, आणि खाते नियमित राहणे दोघांच्याही हिताचे. इथे एक चूक फार होते: एकजण "माझा अर्धा" म्हणून निम्मा हप्ता भरतो आणि निश्चिंत होतो. २५,२०० च्या हप्त्यात १२,६०० जमा झाले तर बँक ती रक्कम जमा करून घेते आणि उरलेली थकबाकी दाखवते. खाते थकीतच राहते. दोघांच्याही पतअहवालात (सिबिलसारख्या कंपन्यांकडची परतफेडीची नोंद) थकीत दिवस वाढत जातात, ज्याने निम्मे भरले त्याच्याही.

९० दिवस उलटले की खाते अनुत्पादित (एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकलेले) होते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (बँकेला कोर्टात न जाता तारणावर कारवाई करू देणारा कायदा) ६० दिवसांची मागणी नोटीस येते. तिला आक्षेप कळवायचा असेल तर तो लेखी द्या. बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचे असते. ताबा घेण्याची कारवाई झाली तर त्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जावे लागते. कौटुंबिक न्यायालयात खटला चालू आहे म्हणून ही घड्याळे थांबत नाहीत.

तेव्हा हे करा. हप्ता ज्या खात्यातून जातो त्यात किमान दोन हप्त्यांची शिल्लक ठेवा. कर्जखाते ऑनलाइन पाहण्याची सोय दोघांनीही घ्या, म्हणजे थकल्याचे तुम्हाला वसुलीच्या फोनवरून कळणार नाही. समोरचा भरत नसेल आणि तुम्हाला झेपत असेल तर पूर्ण हप्ता भरा, आणि त्याच दिवशी त्याला लेखी कळवा: "तुमच्या वाट्याची इतकी रक्कम मी भरली आहे, ती मागण्याचा हक्क राखून." ई-मेल चालेल. रोख भरू नका, स्वतःच्या खात्यातूनच भरा. पुढे कोर्टात हाच पुरावा लागतो. वकिलामार्फत अंतरिम अर्ज करून हप्त्याची वाटणी कोर्टाकडून ठरवून घेता येते.

बँकेत तुमचे बचत खाते किंवा ठेव असेल तर थकबाकीपोटी ती रक्कम वळती होऊ शकते, हेही ध्यानात ठेवा.

मी जास्तीचे हप्ते भरले. परत कसे मिळवायचे?

करार कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे सहकर्जदाराला दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागता येतो. वेगळे काही ठरले नसेल तर वाटे समान धरले जातात. मुदत तीन वर्षांची, आणि ती सर्वसाधारणपणे तुम्ही स्वतःच्या वाट्यापेक्षा जास्त रक्कम भरली त्या तारखेपासून मोजतात. दहा वर्षे भरत राहून शेवटी एकदम दावा लावला तर जुने हप्ते मुदतबाह्य झाल्याचा बचाव समोर उभा राहतो.

हुकूमनाम्यातच "पती हप्ते भरेल" अशी अट असेल तर वेगळ्या दाव्याऐवजी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज करता येतो का, ते वकिलाला आधी विचारा. अटीची भाषा स्पष्ट असेल तर तो मार्ग जवळचा पडतो. नाशिकला कौटुंबिक न्यायालय आहे आणि १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने पती-पत्नींमधल्या मालमत्तेच्या वादांचा अधिकारही त्याला दिलेला आहे.

संमतीपत्रात कर्जाबद्दल नेमके काय लिहावे?

प्रत्येक कर्जासाठी वेगळा परिच्छेद. त्यात बँक व शाखा, कर्जखाते क्रमांक, ठरलेल्या तारखेची शिल्लक, कोण फेडणार, कोणत्या तारखेपर्यंत दुसऱ्याचे नाव काढणार, आणि न काढल्यास काय. शेवटचा मुद्दा बहुतेक मसुद्यांत नसतो. तो असा लिहिता येतो: ठरलेल्या तारखेपर्यंत बँकेचे मुक्ततापत्र आले नाही तर घर विकले जाईल, विक्रीसाठी दोघे सह्या करतील, आणि दरम्यान थकलेला प्रत्येक हप्ता व्याजासह भरून देण्याची हमी फेडणाऱ्याची राहील.

तारखांचा मेळ महत्त्वाचा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्पर संमतीच्या अर्जात पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात सहा महिने असतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमरदीप सिंग प्रकरणात ठरवल्याप्रमाणे योग्य प्रकरणात हा काळ कोर्ट माफ करू शकते. पण कर्जाचा गुंता असेल तर ते सहा महिने वापरून घ्या. बँकेची मंजुरी, दस्त आणि मुक्ततापत्र दुसऱ्या टप्प्याच्या आधी हातात येईल असे वेळापत्रक आखा. दुसऱ्या टप्प्यापर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकते, म्हणून सगळे पैसे पहिल्या दिवशी देऊन बसू नका. निम्मी रक्कम पहिल्या टप्प्याला आणि उरलेली दुसऱ्याला, डिमांड ड्राफ्टने कोर्टासमोर, ही रुळलेली पद्धत आहे.

नोटरीसमोर फारकतनामा करून वेगळे झालेल्यांनी लक्षात घ्यावे: सिद्ध झालेल्या रूढीचा अपवाद सोडला तर हिंदूंमध्ये अशा कागदाने विवाहच संपत नाही. मग त्यातल्या कर्जाच्या अटीने बँक बांधली जाण्याचा प्रश्नच नाही.

"मी एवढे हप्ते भरतो, पोटगी कुठून देऊ?" हे कोर्ट ऐकते का?

फारसे नाही. स्वखुशीने घेतलेल्या कर्जाचे हप्ते उत्पन्नातून वजा करून पोटगी कमी करायला न्यायालये सहसा तयार होत नाहीत. नाहीतर नवे कर्ज काढून कोणीही पोटगी टाळेल. पत्नी आणि मुले राहतात त्याच घराचा हप्ता भरत असाल तर मात्र तो मुद्दा कागदांसह मांडा, त्याचा विचार होऊ शकतो. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र द्यावे लागते. त्यात कर्ज लपवू नका आणि फुगवूही नका. खोटे सापडले की बाकीच्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो.

सासऱ्यांच्या पतसंस्थेतल्या कर्जाला मी जामीन आहे. सुटका कशी?

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न गृहकर्जाइतकाच मोठा आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार, शिक्षक, नाशिकरोडच्या प्रेसमधले कर्मचारी, निफाड-दिंडोरीचे द्राक्ष बागायतदार यांची बरीचशी कर्जे पतसंस्था, कर्मचारी सोसायट्या आणि विकास सोसायट्यांतून असतात, आणि जामीनदार घरातलेच असतात.

एकदा वाटप झालेल्या मुदतकर्जाचा जामीन पत्र लिहून मागे घेता येत नाही. चालू राहणाऱ्या जामिनाबाबत, म्हणजे कॅश क्रेडिटसारख्या फिरत्या कर्जाबाबत, भविष्यातल्या उचलींपुरता तो मागे घेता येतो. त्यासाठी संस्थेला लेखी नोटीस द्या, पोच घ्या, आणि त्या दिवशीची शिल्लक लेखी मागा. मुदतकर्जात उपाय एकच: कर्जदाराने बदली जामीनदार द्यायचा आणि संस्थेच्या संचालक मंडळाने तो मंजूर करायचा. ठरावाची प्रत घ्या.

थकबाकी झाली तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली संस्था निबंधकाकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करते. त्याचे समन्स आले की हजर राहाच. "आमचा घटस्फोट झालाय, माझा संबंध नाही" म्हणून गैरहजर राहणारे इथे फसतात. दाखला निघाला की पगार आणि मालमत्तेवर जप्ती येते, आणि त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर दाखल्याच्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. सुनावणीतच सही नाकारणे, व्याजाच्या आकारणीवर आक्षेप, भरणा पावत्या हे सगळे लेखी मांडा. कर्मचारी सोसायटीत पगारकपातीचे संमतीपत्र दिलेले असेल तर कपात थेट पगारातून सुरू होऊ शकते, म्हणून आस्थापना विभागात चौकशी करून ठेवा.

जामीनदार म्हणून पैसे भरावे लागलेच, तर ती पूर्ण रक्कम मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला मिळतो आणि संस्थेकडे असलेल्या तारणावरही तुमचा हक्क येतो. दोन जामीनदार असतील तर आपसात समान वाटा.

सातबाऱ्यावर दोघांची नावे आणि पीककर्जाचा बोजा आहे.

सातबाऱ्याच्या इतर हक्क रकान्यातली बोजाची नोंद पाहा आणि सोसायटीतून कर्ज कोणाच्या नावावर किती उचलले ते घ्या. सातबाऱ्यावर नाव असणे आणि कर्जदार असणे वेगळे आहे. पण बोजा असलेल्या जमिनीतला हिस्सा तुम्ही घेतलात तर बोजाही त्यासोबत येतो. कर्ज फिटल्यावर संस्थेचा बेबाकी (काही देणे उरले नाही असा) दाखला गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे देऊन बोजा कमी करण्याचा फेरफार करून घ्या. संस्था तो आपोआप करून देईल या भरवशावर राहू नका. शेतजमिनीवर सरफेसी कायदा चालत नाही.

बचत गट किंवा मायक्रोफायनान्सचे कर्ज माझ्या नावावर, पैसे मात्र त्याने वापरले.

संस्थेपुढे कर्जदार तुम्हीच. गटहमीच्या कर्जात तुम्ही थांबलात तर गटातल्या बाकीच्या बायकांवर दबाव येतो, तेव्हा गटाला आणि संस्थेला परिस्थिती लवकर सांगा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे असे कर्ज वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण देतात आणि कुटुंबाचे सर्व हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत असावे लागतात. नवरा वेगळा झाला की कुटुंबाचे उत्पन्नच बदलते. हे दाखवून हप्ता कमी करून मुदत वाढवण्याची विनंती लेखी करा. पैसे त्याने वापरल्याचा पुरावा, म्हणजे खात्यातून त्याला गेलेली रक्कम, पोटगीच्या आणि तडजोडीच्या हिशेबात मांडा.

माझे दागिने त्याने गहाण ठेवून कर्ज काढले.

स्त्रीधनावर, म्हणजे लग्नात आणि लग्नानंतर तिला मिळालेल्या दागिने-वस्तूंवर, पत्नीची एकटीची मालकी असते. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८५ च्या प्रतिभा राणी निकालात स्पष्ट केले आणि २०२४ मध्ये पुन्हा सांगितले. अडचणीच्या वेळी नवऱ्याने ते वापरले तरी परत करण्याची जबाबदारी त्याचीच. पण तारण देणाऱ्या संस्थेकडे पावती त्याच्या नावाची असते आणि मुदत टळली की लिलाव होतो. म्हणून कोर्टात मागणी करण्याआधी संस्थेला लेखी हरकत द्या, लिलावाची तारीख विचारा, खरेदीची बिले आणि लग्नातले फोटो जोडा. दागिने मोडले गेले की नंतर फक्त रकमेवर भांडावे लागते.

क्रेडिट कार्ड, गाडी आणि संयुक्त खाते यांचे काय?

पूरक (ॲड-ऑन) कार्डावर कोणीही खर्च केला तरी देणे मुख्य कार्डधारकाचे. वेगळे होण्याचे ठरले त्या आठवड्यात पूरक कार्ड बंद करा. थकबाकी नसेल तर बंद करण्याची विनंती बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायची असते, नाहीतर रोज ५०० रुपये द्यावे लागतात.

गाडी जो वापरतो त्याच्याच नावावर करा. एमएच-१५ असो की मालेगावची एमएच-४१, अपघात झाला तर नोंदणीकृत मालकाला कोर्टात जावे लागते. कर्ज फेडून नमुना ३५ वर बोजा उतरवायचा, नमुना २९ आणि ३० वर हस्तांतरण, आणि त्याच वेळी विम्यावरचे नाव बदलायचे.

"दोघांपैकी कोणीही" पद्धतीचे खाते असेल तर एक खातेदार लेखी कळवून ते दोघांच्या सहीने चालवायला लावू शकतो. त्यावर ओव्हरड्राफ्ट असेल तर हे पहिल्या दिवशीच करा. त्या खात्याचे कोरे सही केलेले धनादेश कुठे दिलेले असतील तर यादी करा. धनादेश न वटल्याचा फौजदारी खटला सही करणाऱ्यावरच चालतो. संयुक्त खातेदार आहे पण सही केलेली नाही त्याच्यावर चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे.

धंदा तो चालवायचा, पण फर्म माझ्या नावावर आहे.

मग कायद्याने मालक तुम्ही: कर्ज, जीएसटी, पुरवठादारांची बिले, सगळे तुमच्या पॅनवर. घटस्फोटाच्या निकालाची वाट पाहू नका. जीएसटी पोर्टलचा पासवर्ड आणि नोंदणीकृत मोबाइल क्रमांक स्वतःकडे घ्या, बँकेला नवी उचल थांबवायला सांगा, लेखापालाकडून आजपर्यंतची देणी काढा, आणि नोंदणी रद्द करण्याचा किंवा धंदा त्याच्या नावावर हस्तांतरित करण्याचा मार्ग धरा.

वसुलीवाले माहेरी फोन करतात. माझा पतअहवाल बिघडला आहे.

सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर थकीत वसुलीचे फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. कर्जाशी संबंध नसलेल्या नातेवाईकांना त्रास देण्यासही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते; माहितीसाठी १४४४८. पतसंस्था या योजनेत येत नाहीत, त्यांच्यासाठी तालुक्याचे सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक.

सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. घटस्फोटाच्या आधी एकदा काढा, म्हणजे विसरलेली सही आणि जुना जामीन समोर येतो. नाव निघाल्यावर दोन महिन्यांनी पुन्हा पाहा. मुक्ततापत्र असूनही खाते दिसत असेल तर ऑनलाइन तक्रार नोंदवा. ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर रोज १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. पण खाते खरोखर थकले असेल आणि तुम्ही सहकर्जदार असाल, तर हुकूमनामा दाखवून ती नोंद पुसली जात नाही.

बँकेशी एकरकमी तडजोड करताना अहवालात "सेटल्ड" (कमी रकमेत मिटवले) लागते आणि पुढचे कर्ज देणारे त्याकडे नाराजीने पाहतात. थोडे जास्त भरून "क्लोज्ड" मिळत असेल तर तेच घ्या. कर्ज पूर्ण फिटल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद कोणाच्या हाती द्यायचे हे संमतीपत्रात आधीच लिहा, नाहीतर ते दुसऱ्याच्या कपाटात जातात.

कर्ज चालू असताना माजी पती वारला तर?

सहकर्जदार म्हणून तुमची जबाबदारी तशीच राहते. माजी पत्नी वारस नसते, मुले असतात. वारसांची जबाबदारी मात्र मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच. कर्जासोबत विमा काढलेला असेल तर त्यात कोणाचे आयुष्य विमित आहे ते आजच पाहा आणि पॉलिसी चालू ठेवण्याची अट संमतीपत्रात घाला.

वकिलाचा खर्च झेपत नाही. नाशकात कुठे जावे?

जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आणि इतर निकष लागतात. तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समिती असते, आणि राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे. जाताना ही कागदपत्रे न्या: कर्जमंजुरीपत्र, कर्जकरार, अलीकडचा कर्जखाते उतारा, सूची दोन किंवा सातबारा, तुमच्या खात्यातून गेलेल्या हप्त्यांचे बँक उतारे, पतअहवाल, आलेल्या नोटिसा पाकिटांसह. पाकिटावरचा टपालाचा शिक्का मुदत मोजायला लागतो. थकीत कर्जात बँकही तयार असेल तर तेच कार्यालय प्रकरण राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवू शकते. तिथे मात्र दोन्ही सहकर्जदार हजर राहतील असे पाहा, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते आणि त्यावर सही न केलेला माणूस नंतर "मला मान्य नाही" म्हणायला मोकळा असतो.